म्हातारीच्या नाकापलीकडचा हिरवा

३ जुलै १८८४, गुरुवार. वोबेक.

तिपाई ह्या वस्तूविरुद्ध माझी तक्रार आज लेखी नोंदवून ठेवतो. सांख्यांनी अवघं विश्व तीन गुणांवर उभं केलं आणि ते अजून कोसळलेलं नाही, हे मान्य. पण पन्नाशी उलटलेल्या, जेवणाचा आदर राखणाऱ्या गृहस्थाला समुद्रकाठच्या गोट्यांवर तीन पायांच्या घडीच्या तिपाईवर बसवणं हा त्या दर्शनाचा उघड गैरवापर आहे. एक पाय रुततो, दुसरा घसरतो आणि तिसरा चिमटा काढतो. सकाळपासून दोनदा पडलो. दोन्ही खेपांना सिदोनीनं मान वळवली नाही. 'बाबा, छत्री,' एवढंच म्हणाली. छत्री तिच्या कॅनव्हासवर धरायची असते. माझ्यावर नव्हे.

माझा इथला हुद्दा पाठराखिणीचा. दाढीवाली पाठराखीण! लग्न न झालेली चोवीस वर्षांची मुलगी रंगांची पेटी घेऊन एकटी किनाऱ्यावर उभी राहिली, तर वोबेकच्या बायका तो विषय नाताळपर्यंत चघळतील. शेजारी बाप बसला, की तीच मुलगी सालस. बापानं काही करायचं नसतं, नुसतं दिसायचं असतं. चर्चच्या दारावरच्या दगडी संतासारखं. फरक इतकाच की संताला कोनाडा असतो, तिपाई नसते.

धाकट्या बहिणीचं, ऑक्तावीचं, पत्र आलं आहे. तिच्याच अटीवर हा उन्हाळा मिळाला. रुआँचे एव्हारिस्त ल्यकूर सिदोनीला मागणी घालून बसलेत. विधुर, एक्केचाळीस वर्षांचे, निर्व्यसनी, चिटं, म्हणजे नक्षीचं सुती कापड, छापण्याचा स्वतःचा कारखाना. मेरीमातेच्या सणाला, म्हणजे पंधरा ऑगस्टला, ऑक्तावी त्यांना घेऊन इथे जेवायला येणार आणि मी उत्तर द्यायचं. हो म्हटलं, तर सिदोनीला रुआँत उत्तरेच्या उजेडाची खोली, आणि त्या खोलीत बसून चिटांसाठी गुलाब काढायचे. नाही म्हटलं, तर तिला हिवाळाभर इथेच राहायचं आहे. एकटीनं. मला सप्टेंबरात वर्तमानपत्राच्या कचेरीत परतलंच पाहिजे.

तिला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, तुम्ही हो म्हणालात तर लग्न करीन, नाही म्हणालात तर राहीन, पण आत्ता विचारू नका, ढग चाललाय.

५ जुलै

तुतें बाईंच्या खाणावळीत चित्रकारांचा एक संप्रदाय उतरला आहे. बार्नाबे हे त्यांचे महंत. पॅरिसचे, तांबड्या दाढीचे, आवाज असा की सूप थंड होतं. संप्रदायाचे नियम पुढीलप्रमाणे. चित्र उघड्यावरच काढायचं. घरात आणून त्याला कुंचला लावणारा तो पतित. काळा रंग निषिद्ध, कारण निसर्गात काळा नाही. झाड काढायचं नाही, झाडाची थरथर काढायची. वस्तू नको, संवेदना पाहिजे. ती सापडावी म्हणून डोळे किलकिले करायचे. सगळं टेबल डोळे किलकिले करून जेवतं. नवख्याला वाटावं, मोतीबिंदूवाल्यांची धर्मशाळा आहे.

आज मला राहवलं नाही. म्हटलं, बार्नाबेबुवा, तुम्ही म्हणता त्याला हिंदुस्थानचे नैयायिक निर्विकल्पक प्रत्यक्ष म्हणतात. डोळ्यांसमोर काहीतरी आलं आहे, पण ती गाय की झुडूप हे अजून मनानं ठरवलेलं नाही, असा तो पहिला क्षण.

त्यांनी काटा खाली ठेवला. 'पंडित, हे हिंदूंना कधी सुचलं?'

म्हटलं, हजारभर वर्षांपूर्वी. पण त्यांनी त्याची चित्रं काढली नाहीत. भांडणं केली.

बुवा भारावले. मग त्यांनी ते सगळ्या टेबलाला समजावून सांगितलं, आणि चीज येईपर्यंत तो शोध त्यांचाच झाला होता.

६ जुलै

उमेदीची वर्षं पॅरिसला संस्कृत शिकण्या-शिकवण्यात घातली. विद्यापीठातलं अध्यासन दुसऱ्याला मिळालं. रुआँला परत आलो तेव्हा तिथल्या वर्तमानपत्राचे संपादक म्हणाले, कुणी वाचत नाही ते तुम्ही वाचलंयत, तेव्हा कुणाला कळत नाही त्यावर तुम्ही लिहा. अशा रीतीनं मी चित्रकलेचा वार्ताहर झालो. बैलांच्या प्रदर्शनाचाही मीच. दोन्हींकडे शब्द तेच वापरतो, कुणाची तक्रार आलेली नाही.

ह्या टोळीची थट्टा करणं हे माझ्या सदराचं मीठ आहे. रुआँच्या वाचकांना ते लागतं. मुलगी त्याच टोळीत जेवते, हे वाचकांना ठाऊक नाही. मुलगी माझं सदर वाचत नाही.

८ जुलै

पाऊस. चित्रकार खिडक्यांशी उभे, गोठ्यातल्या गुरांसारखे. कुणी आकाशाला शिव्या देतं, कुणी हवामापकाला. सिदोनी ओसरीच्या उघड्या पायरीवर उभी राहून पाऊसच रंगवत होती. मी छत्री धरली. ह्या वेळी तरी माझ्यावरही थोडी आली.

११ जुलै

आजचं प्रकरण. आशील नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याची तांबडी होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. बार्नाबेंनी तिच्यावर आठवडाभर तपश्चर्या केली. समुद्र, आकाश, मध्ये तो तांबडा ठिपका. परवा त्यांनी आशीलला विनवलं की दोन दिवस मासेमारीला जाऊ नकोस, होडी रचनेत आहे. आशील म्हणाला, माशांना कळवलंय का?

तरी थांबला बिचारा. थांबला आणि हात रिकामे म्हणून त्यानं होडीला डांबर फासलं. आज सकाळी बुवा येतात तो समोर काळीभोर होडी!

बुवा कळवळून सांगू लागले, निसर्गात काळा नाही, तू जे पाहतोस ते खोल निळं आणि तांबूस जांभळं आहे. आशीलनं पाइप काढला, ऐकून घेतलं. 'हात लावून बघा की साहेब.' बुवांनी लावला. दिवसभर त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाच बोटं उमटलेली होती. संवेदनेचं इतकं स्पष्ट चित्र त्यांच्या हातून यापूर्वी झालेलं नाही.

हे सदरात जाणार.

१४ जुलै

राष्ट्रीय सण. नगराध्यक्षांचं भाषण वाऱ्यानं इंग्लंडला नेलं. सिदोनी झेंडे रंगवायला गेली नाही. झेंडे सगळेच रंगवतात म्हणाली.

१९ जुलै

महंत पतित झाले! तीन दिवस पाऊस, आणि तुतें बाई जेवण वाढता वाढता सहज बोलल्या की बार्नाबेसाहेबांच्या खोलीतली निळी जमीन घासून घासून माझ्या भाचीचे हात गेले, बाहेर पाऊस असताना आत एवढं निळं सांडतं कुठून?

टेबलावरचे सगळे किलकिले डोळे पूर्ण उघडले. बुवा सुपात पाहत राहिले. शेवटी म्हणाले, फक्त एक ढग दुरुस्त केला. शिक्षा झाली, आठवडाभर सर्वांचे कुंचले धुवायचे. ते त्यांनी खरोखर धुतले, हे मात्र लिहून ठेवतो. माझ्या ओळखीच्या दुसऱ्या कुठल्याही आचार्यानं धुतले नसते.

त्यांच्या चित्रांबद्दल माझं मत कायम आहे. घुणाक्षरन्याय. किडा लाकूड पोखरत जातो आणि कधीमधी चुकून अक्षर उमटतं. काल त्यांच्या कुरणात अशीच एक गाय उमटली. त्यांनी ती पुसली.

२३ जुलै

सिदोनीच्या कामाबद्दल मी इथे काही लिहिलेलं नाही. लिहिण्यासारखं काही उरत नाही म्हणून. सकाळी रंगवते, दुपारी सुरीनं खरवडते. खरवडलेला रंग गोट्यांना पुसते. ह्या किनाऱ्यावर काही गोटे बार्नाबेंच्या चित्रांपेक्षा पाहण्यासारखे झाले आहेत.

विचारलं, रोज का खरवडतेस? म्हणाली, अजून तो नाही आला.

तो म्हणजे कोण? बाप म्हणून पहिली शंका आली, एखादा तरुण वगैरे असेल. तसं काही नव्हतं. एक हिरवा आहे. पाण्याच्या पोटात असतो म्हणे, वर दिसतो तो नव्हे. खडूच्या पांढऱ्या कड्याचा उजेड पाण्यात खालून शिरतो तेव्हा लाट उलटायच्या आधी क्षणभर दिसतो. गावाजवळ नाही सापडत. म्हणून आता आम्ही म्हातारीच्या नाकापलीकडे जातो. कड्याचं एक टोक समुद्रात घुसलंय त्याला गावातले म्हातारीचं नाक म्हणतात. ओहोटीत नाकाखालून चालत पलीकडे जाता येतं. पलीकडे लहानसा किनारा, मागे सरळ उभा कडा, वर जायला वाट नाही. भरतीत नाक पाण्यात बुडतं आणि तो किनाराही.

तुतें बाईंनी दारावर भरती-ओहोटीचा तक्ता चिकटवलाय. त्या म्हणतात, चित्रकारांचा एखादा ईझल, म्हणजे चित्राची घोडी, दरसाल वाहत वाहत पार बोलोन्यच्या बंदराला पोहोचतो, तुमचा पाठवू नका. तेव्हा माझ्या कामात आता भर पडली. छत्री, चारित्र्य आणि भरती, तिन्हींवर मीच नजर ठेवायची. घड्याळ गुडघ्यावर ठेवून बसतो. वेळ झाली की हाक मारतो. ती दर वेळी म्हणते, तुम्ही फार लवकर हाक मारता.

लवकर मारलेली हाक म्हणजेच हाक, असं मी तिला सांगितलं. उशिरा मारतात तिला बोंब म्हणतात.

३० जुलै

गार वारा. खरवडलं.

१ ऑगस्ट

उकाडा. खरवडलं. बार्नाबे येऊन पाहून गेले. 'पोरी, हे ठेव. हे विकलं जाईल.' ती म्हणाली, म्हणूनच. बुवा दुखावले, कारण त्यांची विकली जात नाहीत.

४ ऑगस्ट

ल्यकूर ह्यांचा विचार करतो आहे. माझं मन होकाराकडे झुकलंय, हे कागदाला सांगायला हरकत नाही.

माणूस भला आहे. रुआँत छापलेल्या चिटांना लोक अजून 'हिंदुस्थानी' म्हणतात. गंमत पाहा. माझं हिंदुस्थानी पांडित्य कुणी फुकट घेतलं नाही, आणि ह्या गृहस्थानं हिंदुस्थानी चिटांवर दुमजली घर बांधलं. त्या घरात कोळसा असेल, डॉक्टर असेल, रविवारी बदक असेल. सिदोनीनं गुलाब काढायचे. चिटावरचे गुलाब कोमेजत नाहीत, फक्त धुण्यात फिके पडतात. माणसांचं तरी वेगळं काय होतं?

दुसऱ्या पारड्यात काय आहे? तुतें बाईंची माडीवरची खोली, हिवाळ्यातला समुद्र, आणि एक हिरवा जो येत नाही. असं पारडं कुठला बाप निवडील? मी मेल्यावर तिच्यावर छत्री कोण धरणार?

होकार द्यावा. पंधरा तारखेला सांगेन. वाक्यंही जुळवून ठेवली आहेत, त्यांत थोडा विनोद आहे, म्हणजे तिला रडायला अवघड जाईल.

९ ऑगस्ट, शनिवार

तुतें बाईंनी सफरचंदाची दारू पाजली आहे, त्यानं अक्षर सुधारलेलं नाही.

नाकापलीकडे होतो. ऊन स्वच्छ. मी सदर लिहीत होतो, बार्नाबेंवर. एक वाक्य फार छान जमत होतं. त्यात महंतांचे डोळे, सूप आणि समुद्र तिन्ही एकत्र येत होते, फक्त क्रियापद सापडत नव्हतं. घड्याळ वहीखाली गेलं असावं. पर्वतावर धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान करावं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं. आज माझे बूट ओले झाले आणि मला वाटलं, दव.

मान वर केली. म्हातारीचं नाक पाण्यात होतं.

मी ओरडलो. सिदोनी ईझलपाशी उभी, घोटे पाण्यात. 'थांबा,' म्हणाली. मी पुन्हा ओरडलो. कुंचला चालूच. मग एक मोठी लाट आली, ईझल कलंडला, आणि तिनं कॅनव्हास हवेतच धरला. तोपर्यंत पाणी माझ्या गुडघ्यांवर. मला पोहता येत नाही. कड्याला पाठ लावली आणि उभा राहिलो. तोंडून संस्कृत आलं नाही, फ्रेंचही नाही. आईला हाक मारली म्हणे. मला आठवत नाही.

नाकाच्या पलीकडून पाण्यातून कोण यावं? बार्नाबे! पोट पुढे, दाढी ओली, आरमाराच्या जहाजासारखे. ते नाकाअलीकडे चित्र काढत होते, माझी बोंब ऐकून सगळं टाकून आले. त्यांनी मला पाठीवर घेतलं. पाठुंगळीला, पोराला घेतात तसं. पाणी त्यांच्या छातीला लागत होतं आणि प्रत्येक लाटेला ते थांबून कड्याला हात टेकत होते. मी म्हटलं, बुवा, मला दिसत नाही. 'पंडित, डोळे किलकिले करा,' म्हणाले.

सिदोनी आमच्या पुढे. कॅनव्हास डोक्यावर आडवा धरलेला, धुणं नेणाऱ्या बाईसारखा, रंगाची बाजू वर. घागरा पाण्यावर फुगलेला. एकदाही मागे वळली नाही.

ईझल, पेटी, छत्री, तिपाई, सगळं गेलं. माझं घड्याळही. तिपाईबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तुतें बाईंनी माझे पाय मोहरीच्या गरम पाण्यात बुडवले आणि भाचीदेखत झापलं. 'काय हो मास्तर, हिंदूंचं वाचता येतं, दारावरचा तक्ता नाही वाचता येत?'

एवढं एकच काम होतं माझं.

१० ऑगस्ट, रविवार

ताप नाही. चर्चला गेलो नाही.

सकाळी खाली उतरलो तर ते चित्र जेवणघराच्या भिंतीला टेकून ठेवलेलं. सिदोनी झोपली होती. तिनं ते खरवडलं नव्हतं.

नावं ठेवायच्या तयारीनं मी समोर बसलो. सवयच ती. एका कडेला पांढरा उभा पट्टा, तो कडा. बाकी पाणी. आकाश जवळजवळ नाहीच. आणि पाण्याच्या मधोमध, वर नव्हे, आत, तो हिरवा. त्याला उपमा शोधली. पाचू म्हणावं तर पाचू थंड आणि मेलेला असतो. गवत म्हणावं तर गवताला पोट नसतं. माझ्याकडे अलंकारांची अख्खी पेटी आहे, तीही काल वाहून गेली असावी. मग एक विचित्र गोष्ट झाली. माझ्या गुडघ्यांना गार लागलं. खरंच लागलं. हात लावून पाहिला, विजार कोरडी होती.

बार्नाबे येऊन मागे कधी उभे राहिले कळलं नाही. डोळे किलकिले केले नाहीत त्यांनी. मग हळू म्हणाले, 'मला हे येत नाही, पंडित. तीस वर्षं झाली. मला फक्त ह्याबद्दल बोलता येतं.'

मी म्हटलं, मलाही.

दोघांनी न्याहारी केली.

१२ ऑगस्ट

विचार पालटतो आहे. कारणं लिहून पाहतो, म्हणजे त्यांतलं खोटं दिसेल.

परवापर्यंत मी म्हणत होतो, समुद्र, एकटेपण, हिवाळा, ह्यांत पोरीला धोका आहे. ती रुआँत सुरक्षित. पण शनिवारी झालं काय? धोका समुद्राचा नव्हता. समुद्र तक्त्याप्रमाणे, अगदी मिनिटाला आला. चुकली ती पाठराखीण. मी वाक्याच्या मागे लागलो आणि पोर बुडता बुडता वाचली. सिदोनी कामात बुडाली की तिला भान राहत नाही, म्हणूनच तर मला बसवलं होतं. मी नसतो तर तिनं स्वतः तक्ता पाहिला असता. म्हणजे माझ्या सोबतीपेक्षा ती एकटीच बरी! आणि माझ्या हातून झालेल्या चुकीची शिक्षा म्हणून तिनं जन्मभर गुलाब काढायचे, हा कुठला न्याय?

तुतें बाईंशी बोललो. हिवाळ्यात त्यांची भाची सिदोनीबरोबर जाईल. गावाच्या जिभांपुरती भाची पुरे. भरतीपुरता तक्ता पुरे.

ह्यात खोटं मला सापडत नाही. शिवाय त्या हिरव्याला मी काय उत्तर देणार?

१३ ऑगस्ट

बार्नाबेंवरचं सदर पाठवलं नाही. संपादकांना बैलांविषयी लिहून पाठवलं.

१५ ऑगस्ट, मेरीमातेचा सण

फादरांनी होड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. आशीलच्या काळ्या होडीवर जरा जास्तच पडलं. मग जेवण. शिंपले, कोंबडी, सफरचंदं भरलेला गोड टार्ट. ऑक्तावी नव्या टोपीत, ल्यकूर काळ्या कोटात. निसर्गात काळा नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि बार्नाबेंनीही आज सांगितलं नाही.

जेवणाआधी ल्यकूरांनी ते चित्र पाहिलं. हात मागे बांधून, कापड पाहावं तसं, आधी लांबून, मग जवळून. विचारलं, ह्यातला नमुना परत कुठून सुरू होतो? चिटावर कुठलंही चित्र काही अंतरावर पुन्हा यावंच लागतं, त्याशिवाय ते छापता येत नाही. सिदोनी म्हणाली, परत येत नाही. ते खरोखर विचारात पडले.

मग म्हणाले, 'आणि मॅडमॉझेल, हे काढणारा माणूस कुठे उभा होता?'

बार्नाबे म्हणाले, निसर्गात! टेबल हसलं. मीही हसलो. ल्यकूर हसले नाहीत. उत्तराची वाट पाहत होते. सिदोनीनं त्यांना शिंपले वाढले.

कॉफीच्या वेळी ऑक्तावीला बागेत नेलं आणि नकार सांगितला. जुळवलेला विनोद उपयोगी पडला नाही, तो होकाराचा होता. तिनं टोपी काढली, पुन्हा घातली. 'दादा, पोरीला वाऱ्यावर सोडतोयस.'

म्हटलं, वाऱ्यावर नाही, तक्त्यावर. ती रडली. मला वाटलं होतं रागावेल.

ल्यकूरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला म्हणाले की त्यांना वाईट वाटतं, आणि मुख्यतः काळजी वाटते. मी आभार मानले. गाडीत चढताना त्यांनी पुन्हा एकदा खाणावळीकडे पाहिलं. चिटवाल्याला कलेतलं काय कळणार, असं बार्नाबे म्हणाले आणि मी मान डोलावली.

सिदोनीला सांगितलं. तिनं माझ्या दोन्ही गालांचा मुका घेतला आणि नवा ईझल कुठे मिळेल ते विचारलं.

१७ ऑगस्ट, रविवार

ल्यकूरांचा प्रश्न डोक्यातून जाईना. आज न्याहारीला तोच सिदोनीला विचारला. तू नक्की कुठे उभी होतीस?

पावाला लोणी लावत म्हणाली, पाण्यात, आणखी कुठे.

म्हटलं, म्हणजे पाणी चढल्याचं तुलाही कळलं नाही.

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. 'कळलं की. नाकाशी पोहोचलं तेव्हाच पाहिलं. तो हिरवा तेव्हाच येतो, बाबा. तुम्ही रोज त्याच्या आधी हाक मारायचात. त्या दिवशी तुम्ही लिहीत होतात, म्हटलं, बरं झालं.'

मग पाव खाल्ला.

तिच्या मनात पाप नाही. माझे पाय पाण्यात आहेत हे तिला दिसलं होतं का, एवढं मी विचारलं नाही. नकार देऊन झाला आहे. खोली ठरली आहे. मी एक तारखेला निघणार. थंडीची, गावाची, तिच्या एकटेपणाची मला भीती नाही. हिवाळ्यात ती तिथे उभी राहील, पाणी येताना तिला दिसेल, आणि ती हलणार नाही. ह्याची मला भीती वाटते.